नवा प्रेस घेण्याआधी जुन्याचे फटके मोजा

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत, प्रेसवर पत्र्याचे सुटे भाग कापणाऱ्या आमच्या शेडला लागून टॉवेलचा कारखाना आहे. त्यांच्या मागांची खडखड आणि आमच्या प्रेसची धडधड दिवसभर एकमेकांत मिसळून जाते. एकदा तिथला जॉबर, म्हणजे मागांवरचा मुकादम, चहाला आला. पाचेक मिनिटं आमच्या ५० टनी प्रेसकडे बघत बसला आणि म्हणाला, "मालक, मशीन चालू हाय, पण मारत कुठं हाय?"

फ्लायव्हील फिरत होतं, मोटर गुरगुरत होती आणि ऑपरेटर पत्र्याची पट्टी आणायला मागच्या बाजूला गेला होता. आम्हाला रोजचंच असल्यामुळे ते दिसत नव्हतं. मागवाल्याला दिसलं, कारण त्याच्याकडे किती कापड उतरलं यावर हिशेब होतो, माग किती तास फिरला यावर नाही.

त्याच महिन्यात मी आणखी एक सेकंडहँड प्रेस घ्यायच्या बेतात होतो. ऑर्डर वेळेवर जात नव्हत्या, म्हणजे मशीन कमी पडतंय असा सरळ हिशेब केला होता. तो बेत पुढे दोन वर्षं लांबला. त्या काळात जे केलं ते इथे क्रमाने लिहितो. वॉशर, ब्रॅकेट, क्लॅम्प, बिजागरी, मागाचे पत्र्याचे सुटे भाग असलं काम करणाऱ्या, तीन ते दहा प्रेसच्या शेडसाठी हे आहे. मोठ्या कारखान्यांकडे यासाठी वेगळी माणसं असतात.

पहिले सात दिवस फक्त मोजा

काही बदलू नका, कुणाला रागावू नका. प्रत्येक प्रेसजवळ एक पाटी आणि खडू ठेवा. प्रेस दोन मिनिटांपेक्षा जास्त थांबला की ऑपरेटरने वेळ आणि कारण लिहायचं. कारणं आधीच ठरवून द्या: डाय (पत्रा कापायचा-वाकवायचा साचा) बदल, डाय ग्राइंडिंग (घासून धार लावणं), माल नाही, पेटी भरली, तपासणीची वाट, लाइट गेली, मशीन बिघाड, माणूस नाही. आमच्याकडे घरी तेलुगू बोलणारे, कन्नड बोलणारे आणि मराठी असे तिन्ही कामगार आहेत. म्हणून आम्ही शब्दांऐवजी खुणा ठरवल्या. डाय बदलला चौकोन, मालाला आडवी रेघ, लाइटला फुली. लिहायचा कंटाळा त्याने निम्मा गेला.

सोबत स्ट्रोक, म्हणजे फटके, मोजणारा काउंटर बसवा. साधा यांत्रिक काउंटर स्वस्तात मिळतो आणि रॅमला, म्हणजे प्रेसच्या वरखाली होणाऱ्या भागाला, जोडता येतो. नग मोजून समजतं काय बाहेर पडलं. काउंटर सांगतो प्रेसने किती फटके मारले. या दोन आकड्यांतला फरक म्हणजे रिकामे आणि खराब फटके.

आता गणित. प्रेस मिनिटाला ५० स्ट्रोकचा असेल तर ८ तासांत २४,००० फटके बसायला हवेत. हाताने एकेक नग भरताना कुणी तेवढे मारू शकत नाही. मिनिटाला १८ ते २० धरले तरी साडेआठ-नऊ हजार व्हायला हवेत. आमच्याकडे पहिल्या आठवड्याची सरासरी सव्वाचार हजार आली. दुसऱ्या दिवशी आकडा बघून मला वाटलं काउंटर बिघडलाय. बिघडला नव्हता.

पाट्या एकत्र केल्या तेव्हा सगळ्यात मोठा वाटा डाय बदलाचा निघाला, त्याखालोखाल "माल नाही". मशीन बिघाड, ज्याची आम्ही कायम तक्रार करायचो, तो चौथ्या नंबरवर होता.

जाळीत गेलेला पैसा

वेळेचं दुखणं पाटीवर दिसलं, पण पैशाचं मोठं दुखणं पाटीवर येत नाही. ते भंगाराच्या ढिगात असतं. पट्टीतून नग काढल्यावर जी जाळी उरते ती हातात घेऊन नीट बघा. स्टॅम्पिंगच्या बहुतेक कामात निम्म्याहून जास्त खर्च पत्र्याचा असतो. त्यामुळे कामगाराच्या मजुरीत पाच पैसे वाचवण्यापेक्षा जाळीत अर्धा मिलिमीटर वाचवणं केव्हाही फायद्याचं.

एम १२ चा, म्हणजे १२ मिमी बोल्टचा, साधा वॉशर घेऊ. बाहेरचा व्यास २४, आतला १३, जाडी २.५ मिमी. दोन नगांमधली भिंत साधारण पत्र्याच्या जाडीएवढी, म्हणजे २.५ मिमी ठेवू, आणि कडेला ३ मिमी.

एका ओळीत काढले तर पट्टी ३० मिमी रुंद आणि प्रत्येक नगाला २६.५ मिमी लांबी लागते. लोखंडाचं वजन घनमिलिमीटरला ०.००७८५ ग्रॅम धरलं तर एका नगामागे १५.६ ग्रॅम पत्रा जातो. तयार वॉशरचं वजन फक्त ६.३ ग्रॅम. म्हणजे आपण शंभर किलो पत्रा आणतो आणि चाळीस किलो वॉशर विकतो.

आता दोन ओळी घ्या, पण समोरासमोर नको. दुसऱ्या ओळीचा नग पहिल्या ओळीच्या दोन नगांच्या खाचेत बसवा. मग दोन ओळींतलं अंतर २६.५ ऐवजी २३ मिमी होतं आणि पट्टी ५३ मिमीची लागते. नगामागे पत्रा १३.८ ग्रॅम. तीन ओळी केल्या तर पट्टी ७६ मिमी आणि नगामागे १३.२ ग्रॅम. लाख नगांना दोन ओळींत सुमारे १८० किलो वाचतात, तीन ओळींत २४० किलो.

इथे एक चूक बरेच जण करतात, मीही केली. १८० किलो गुणिले पत्र्याचा दर असं धरून खूश झालो. पण तो पत्रा पूर्वी भंगारात जात होता आणि त्याचेही पैसे येत होते. खरी बचत पत्र्याचा दर आणि भंगाराचा दर यांच्या फरकाएवढीच. समजा पत्रा ६० रुपये आणि भंगार ३५ रुपये किलो असेल, तर लाख नगांमागे १८० गुणिले २५, म्हणजे साडेचार हजार. आकडा लहान वाटेल, पण हे एका आयटमचं आहे आणि दर महिन्याला आहे. तुमचे दर घालून तुमच्या सगळ्यात जास्त खपणाऱ्या पाच आयटमचा असा तक्ता आधी करा. बाकीच्यांच्या मागे लागू नका.

दोन ओळींसाठी नवी डाय लागतेच असं नाही. एकाच पंचावर (डायमध्ये घुसून पत्रा कापणारा वरचा भाग) पट्टी एकदा चालवायची, मग पट्टीची टोकं फिरवून दुसऱ्या बाजूने पुन्हा चालवायची. दुसऱ्या फेरीला सुरुवातीचा स्टॉपर अर्धा टप्पा, म्हणजे या वॉशरला १३.२५ मिमी, पुढे हवा. तोटाही सांगतो. दुसऱ्या फेरीत पट्टी लवचीक झालेली असते, अडकते, आणि हाताळायला वेळ जातो. २.५ मिमीला हे जमतं. पाऊण मिमीच्या पत्र्याला करून बघितलं, दोन दिवसांत सोडून दिलं.

भिंत किती बारीक करायची यालाही मर्यादा आहे. फार बारीक केली तर ती पंचाबरोबर ओढली जाते, डायमध्ये घुसते आणि पंचाची धार खाते. पत्र्याच्या जाडीएवढी भिंत ठेवून सुरुवात करा आणि दहावा भाग कमी करत बघत जा. कमी करायची तर आधी पट्टीच्या बाजूचे गाइड घट्ट करा. पट्टी इकडेतिकडे डुलत असेल तर कडेचे ३ मिमी कागदावरच राहतात.

एक पथ्य मात्र पाळाच. नग नंतर वाकवायचा असेल, ब्रॅकेटसारखा, तर वाकण्याची रेघ पत्र्याच्या रोलिंगच्या, म्हणजे पत्रा लाटल्याच्या, दिशेला आडवी पाहिजे. पत्रा वाचवायच्या नादात नग फिरवला आणि रेघ रोलिंगच्या दिशेने आली, तर वाकताना बाहेरच्या बाजूला तडे जातात. चाकणच्या गिऱ्हाइकाकडे पोचल्यावर लॉट परत आला, तर जाऊन-येऊन पाचशेहून जास्त किलोमीटर, म्हणजे वाचवलेल्या पत्र्याच्या कितीतरी पट भाडं.

पत्रा दारातच तपासा

आपण पत्रा वजनावर विकत घेतो आणि नग मोजून विकतो. म्हणून जाडीतली वाढ सरळ आपल्या खिशातून जाते. २५०० बाय १२५० ची २.५ मिमी शीट ६१.३ किलोची हवी. ती २.६ मिमीची आली तर ६३.८ किलो. नग तेवढेच निघतात, पैसे अडीच किलोचे जास्त जातात. मायक्रोमीटर लावा आणि कडेपासून थोडं आत मोजा, कारण कडेला पत्रा पातळ सापडतो. तीन-चार शीट वजनकाट्यावर ठेवल्या तरी अंदाज येतो. व्यापाऱ्याशी भांडायची गरज नाही. वह्यांमध्ये दर गाडीची जाडी लिहून ठेवा आणि पुढच्या खेपेला दर बोलताना वही उघडा.

शिअरिंगला, म्हणजे शीट पट्ट्यांत कापायला, देताना पट्टी कोणत्या रुंदीची, कोणत्या दिशेने आणि एका शीटमधून किती निघाल्या पाहिजेत हे कागदावर द्या. १२५० मिमीतून ३० च्या ४१ पट्ट्या निघतात, २० मिमी उरतात. ती उरलेली पट्टी कुठल्या लहान आयटमला चालेल हे शीट कापण्याआधी ठरलं पाहिजे. कापल्यावर ठरवलं तर ती सहा महिने भिंतीला टेकून गंजते. आमच्या भिंतीला अजूनही काही टेकलेल्या आहेत.

डाय बदल

जपानमध्ये शिगेओ शिंगो यांनी १९६९ मध्ये टोयोटाच्या १००० टनी प्रेसचा डाय बदल चार तासांवरून आधी दीड तासावर आणि मग तीन मिनिटांवर आणला. ही गोष्ट सांगितली की आपल्याकडे "ते जपान आहे" असं उत्तर येतं. तीन मिनिटं आपल्याला नकोतच. पण त्यांची मूळ कल्पना फार साधी आहे: प्रेस बंद असतानाच करता येतील अशी कामं कोणती, आणि चालू असताना उरकता येतील अशी कोणती, ही आधी वेगळी करा.

डाय बसवणाऱ्या आमच्या सेटरमामांच्या परवानगीने एका डाय बदलाचं मोबाइलवर शूटिंग केलं. परवानगी हा शब्द मुद्दाम लिहिला. लपून केलं असतं तर दुसऱ्या दिवशी मामा आले नसते. एकूण ७४ मिनिटं झाली. त्यातली १४ डाय रॅकवरून आणण्यात, ११ डायखाली घालायचं योग्य उंचीचं पॅकिंग शोधण्यात, ९ पाना आणि टी-बोल्ट शोधण्यात, १२ जुनी डाय काढून नवी बसवण्यात, १० शट हाइट (रॅम पूर्ण खाली असताना उरणारी उंची) लावण्यात आणि १८ पहिला नग पास होण्याची वाट बघण्यात. त्या १८ मिनिटांत इन्स्पेक्टर समोरच्या टपरीवर होता.

मामांनी स्वतःच ते बघितलं आणि हसून म्हणाले, "म्हणजे मी बावीस मिनिटं काम केलं आणि बाकी वेळ चाललो."

मग केलं ते असं. पुढची डाय, तिचे बोल्ट, क्लॅम्प आणि पाने आधीची डाय चालू असतानाच ट्रॉलीवर तयार. ट्रॉलीची उंची बोल्स्टरएवढी (प्रेसचा पाट, ज्यावर डाय बसते), म्हणजे उचलायला नको, सरकवायची. प्रत्येक प्रेसला पान्यांचा स्वतःचा फलक, त्यावर प्रत्येक पान्याची आकृती रंगवलेली, म्हणजे काय गायब आहे ते लांबूनच दिसतं. सगळे टी-बोल्ट एकाच मापाचे. आधी तीन मापांचे होते, का ते कुणालाच सांगता आलं नाही.

सगळ्यात जास्त फायदा पॅकिंगने दिला. दहा डायांच्या शट हाइट दहा प्रकारच्या होत्या. प्रत्येक डायच्या खालच्या प्लेटला कायमचे पॅरलल ब्लॉक बोल्टने बसवले आणि सगळ्यांची उंची एक केली. आता रॅम वरखाली करायला फारसं लागत नाही, थोडं बारीक जुळवलं की झालं. क्लॅम्पिंगची कडही एका उंचीवर आणली. बोल्स्टरच्या मागच्या बाजूला दोन स्टॉपर लावले, डाय त्यांना टेकली की जागेवर. हे ब्लॉक बनवायला एका महिन्याचे रविवार गेले आणि थोडं लोखंड. बाकी खर्च नाही.

पहिला नग पास करायला गेज सेटरच्या हातात दिलं आणि मापाचा तक्ता प्रेसला चिकटवला. इन्स्पेक्टर नंतर येऊन सही करतो. आज बदल २५ ते ३० मिनिटांत होतो. दिवसाला तीन बदल धरले तर दोन-अडीच तास परत मिळाले. मिनिटाला १८ च्या वेगाने अडीच तास म्हणजे २,७०० नग.

आणि हे झाल्यावर एक गोष्ट आपोआप बदलली. आधी बदल नकोसा वाटायचा म्हणून एकदा डाय बसवली की महिनाभराचा माल मारून ठेवायचो. तो पेट्यांत पडून गंजायचा आणि पैसा अडकायचा. आता आठवड्याचा मारतो.

धार

डाय ग्राइंडिंगला केव्हा काढायची? आमच्याकडे ठरलेलं उत्तर होतं: गिऱ्हाइकाने बरची, म्हणजे कापलेल्या कडेवर उरणाऱ्या बोचऱ्या काठाची, तक्रार केली की. याइतकं महागाचं उत्तर दुसरं नाही.

समजा डायची ग्राइंड करता येण्यासारखी उंची ४.५ मिमी आहे. दर २५,००० फटक्यांनी काढली तर ०.१५ मिमी घासून धार येते. म्हणजे ३० वेळा धार, साडेसात लाख नग. तीच ४०,००० पर्यंत रेटली तर कड गोल होते, बारीक कपचे उडतात आणि ०.६ मिमी घासावी लागते. सातच वेळा धार, तीन लाखांच्या आत डाय भंगारात. आकडे उदाहरणाचे आहेत, पण तुमच्या डायचे खरे आकडे काढून बघा, कल हाच दिसेल. स्ट्रोक काउंटर यासाठीही लागतो. प्रत्येक डायला एक कार्ड, त्यावर किती फटके झाले आणि किती घासली.

क्लिअरन्सबद्दल, म्हणजे पंच आणि डायमधल्या फटीबद्दल, जुन्या फिटरांचा हट्ट असतो की पंच आणि डाय जितके घट्ट तितका माल चांगला. मऊ लोखंडाला प्रत्येक बाजूला जाडीच्या ५ ते ८ टक्के पुरतो. २.५ मिमीला ते ०.१२५ ते ०.२० मिमी होतं. त्यापेक्षा घट्ट ठेवलं तर पंच माल सोडताना घासतो आणि लवकर जातो. नगाची कापलेली कड भिंगाखाली बघा. वर साधारण एक तृतीयांश चकचकीत पट्टा आणि खाली खरखरीत तुटलेला भाग असेल तर ठीक. चकचकीत पट्टे दोन दिसले तर क्लिअरन्स कमी आहे. बर एका बाजूलाच मोठी असेल तर पंच मध्यात नाही, मग ग्राइंडिंग करून काही उपयोग नाही.

ग्राइंडिंग करताना पाण्याची धार भरपूर सोडा आणि एका वेळी कमी काप घ्या. डी २, ज्याला आपण एचसीएचसीआर म्हणतो, किंवा ओएचएनएस, दोन्ही पोलाद कोरडं घासलं की निळं पडतं. निळं पडलं तिथला कडकपणा गेला. केसासारखे तडे नंतर दिसतात, पंच तुटला की. क्लिष्ट डायच्या हीट ट्रीटमेंटला छत्रपती संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूल रूमसारखी जागा गाठायला मी मागेपुढे बघत नाही. गावातल्या भट्टीत दोन पैसे वाचवून चार महिन्यांची डाय मी स्वतः घालवली आहे.

प्रेसवर किती ताकदीचं काम आहे

कापायला लागणारी ताकद म्हणजे कापल्या जाणाऱ्या कडेची लांबी गुणिले जाडी गुणिले पत्र्याची कर्तनशक्ती. आपल्या वॉशरची आतली आणि बाहेरची कड मिळून ११६ मिमी, जाडी २.५, मऊ लोखंडाला चौरस मिमीला ३५० न्यूटन धरले तर एक लाख न्यूटनच्या थोडं वर, म्हणजे साधारण १०.४ टन. हे काम २० टनी प्रेसवर आरामात होतं. आमच्याकडे ते वर्षानुवर्षं ५० टनीवर चालू होतं, कारण डाय पहिल्यांदा तिथेच बसली होती. ते हलवलं आणि ५० टनी मोकळा झाला. मला जो नवा प्रेस हवा होता तो हाच.

उलटी चूक जास्त धोक्याची. प्रेसची लिहिलेली ताकद स्ट्रोकच्या अगदी तळाजवळच मिळते, वर नाही. सी-फ्रेम (इंग्रजी सी अक्षरासारखा, पुढून उघडा) प्रेस जोर पडला की तोंड उघडतो आणि पंच तिरका होतो. म्हणून हिशेबाची ताकद प्रेसच्या ७० टक्क्यांपुढे जाऊ देऊ नका. आतला पंच बाहेरच्यापेक्षा पत्र्याच्या जाडीएवढा आखूड ठेवला तर दोघांचा दणका एकाच क्षणी बसत नाही. दर महिन्याला डायल गेज लावून रॅम आणि बोल्स्टर समांतर आहेत का बघा. रॅमच्या बाजूच्या पट्ट्या सैल झाल्या की सगळ्यात आधी डाय मरते, आणि आपण दोष डाय बनवणाऱ्याला देतो.

हात

हा भाग खर्चाच्या लेखात कशाला, असं कुणाला वाटेल. एका ओळखीच्या शेडमध्ये बोटं गेली तेव्हा तो प्रेस आठ दिवस बंद होता आणि शेजारच्या प्रेसवरची पोरं महिनाभर घाबरत हात घालत होती. उत्पादन निम्म्यावर आलं. त्या मुलाचं काय झालं ते वेगळंच.

जुने प्रेस बहुतेक की-क्लचचे आहेत. एकदा की बसली की रॅम पूर्ण फेरा मारूनच थांबतो, मध्ये थांबतच नाही. त्यामुळे अशा प्रेसला प्रकाशाचा पडदा लावून उपयोग नाही. सेन्सरला हात दिसेल, पण रॅम खाली येईलच. विकणारे हे सांगत नाहीत. पडदा मध्येच थांबवता येणाऱ्या फ्रिक्शन किंवा न्यूमॅटिक क्लचच्या प्रेसला. की-क्लचला डायभोवती पक्की जाळी, जिच्यातून पट्टी आत जाईल पण बोट जाणार नाही, किंवा पंच आणि डायमधली फट ६ मिमीपेक्षा कमी. पायाच्या पेडलवर लोखंडी टोपण, म्हणजे काही पडून दाब बसणार नाही. क्लचची स्प्रिंग दर महिन्याला बघायची. ती थकली की एका दाबात दोन फटके येतात.

वाकवायच्या कामात एकेक नग हाताने आत ठेवावा लागतो. तिथे पत्र्याची साधी उतरण करा: नग वरून सरकत जागेवर बसतो, झालेला मागून हवेने किंवा पुढच्या नगाच्या धक्क्याने पडतो. आमच्या एका क्लॅम्पला अशी उतरण केल्यावर मिनिटाला १४ वरून २२ नग झाले. हात आत जातच नाही, म्हणून ऑपरेटर बिनधास्त मारतो. सुरक्षेमुळे वेग कमी होतो हे मी आता ऐकूनही घेत नाही.

वीज आणि हवा

यात फार काही नाही. प्रेस दहा मिनिटांपेक्षा जास्त थांबणार असेल तर मोटर बंद. बिलात पॉवर फॅक्टर बघा, कमी असेल तर कपॅसिटर तपासून घ्या. खरी गळती कॉम्प्रेसरची. सुट्टीच्या दिवशी सगळं बंद ठेवून फक्त कॉम्प्रेसर चालवा, तो किती मिनिटं लोडवर, म्हणजे हवा भरत, चालतो आणि किती अनलोडवर, म्हणजे हवा न भरता, ते लिहा. लोडचा वेळ भागिले एकूण वेळ, कॉम्प्रेसरच्या क्षमतेच्या तेवढे टक्के हवा नुसती गळते. ७ बारला ३ मिमीचं एक भोक साडेतीन किलोवॉटच्या आसपास वीज खातं. दाब १ बारने कमी केला तर साधारण ७ टक्के वीज वाचते. आम्ही ७ वरून ६ वर आणला, कुणाला कळलंही नाही.

माणसं

नगावर मजुरी असेल तर ऑपरेटर बर दिसली तरी थांबणार नाही, डायमध्ये जाळीचा तुकडा अडकला तरी दोन फटके जास्त मारून बघेल. त्याची चूक नाही, पद्धतच तशी आहे. आम्ही रोजंदारी पक्की केली आणि वर चांगल्या नगांवर बक्षीस ठेवलं. प्रेस थांबवल्याबद्दल कुणाचे पैसे कापायचे नाहीत, हा नियम भिंतीवर लिहिला. पहिल्या महिन्यात नग कमी झाले हे खरं. तिसऱ्यापासून वाढले.

सोलापुरातल्या एप्रिल-मे बद्दल वेगळं सांगायला नको. पारा ४० च्या वर आणि डोक्यावर पत्रे. दुपारी दोननंतर नगही घटतात आणि चुकाही वाढतात. त्या दोन महिन्यांत आम्ही पाळी सकाळी सहाला सुरू करतो आणि हाताने भरायची कामं बारापर्यंत उरकतो. दुपारी डाय ग्राइंडिंग, पट्ट्या मोजणं, पॅकिंग. संक्रांतीला सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत निम्मी माणसं येत नाहीत, आणि येऊ नयेतच. पूर्वी त्या आठवड्यात मी चिडचिड करायचो. आता प्रेसचं वार्षिक काम तेव्हाच काढतो: क्लच उघडणं, ब्रेकची लायनिंग, तेलाच्या नळ्या, रॅमच्या पट्ट्या.

भंगार

मऊ लोखंड, स्टेनलेस आणि पितळ एका ढिगात पडलं की सगळ्याला सगळ्यात खालचा दर मिळतो. तीन रंगांच्या पेट्या ठेवा. ३०४ स्टेनलेसला चुंबक सहसा चिकटत नाही, एवढी एक गोष्ट झाडू मारणाऱ्या मावशींना सांगितली तरी ढीग वेगळे राहतात. तेलाने माखलेली जाळी आणि कोरडी जाळी वेगळी. वजन आपल्या काट्यावर करा. आणि दर महिन्याला हे ताळून बघा: आणलेला पत्रा वजा पाठवलेला माल वजा विकलेलं भंगार. उत्तर शून्याच्या जवळ आलं पाहिजे. आमचं पहिल्यांदा आलं तेव्हा साडेतीन टक्के कुठे गेले ते सापडत नव्हतं. त्यातलं बरंचसं खराब नगांच्या पेट्यांत होतं, ज्या कुणी मोजतच नव्हतं. उरलेल्याबद्दल काट्याची चावी बदलली.

मग नवं कधी घ्यायचं

एवढं करून काउंटर पाळीला आठ हजारांच्या पुढे सरकला आणि तरी ऑर्डर राहत असतील, तर घ्या. पण तेव्हाही आणखी एक हाताने भरायचा प्रेस घेण्याआधी कॉइलचं, म्हणजे पत्र्याच्या गुंडाळीचं, गणित मांडा. डिकॉइलर, स्ट्रेटनर आणि फीडर (गुंडाळी उलगडणारं, पट्टी सरळ करणारं आणि ती प्रेसमध्ये सरकवणारं यंत्र) लावला तर तोच जुना प्रेस मिनिटाला ५० च्या ५० मारतो आणि पट्टीच्या टोकांची नासाडी जाते. त्यासाठी एक आयटम सलग निदान दोन पाळ्या चालण्याइतका हवा, आपल्या रुंदीची स्लिट केलेली कॉइल हवी, आणि व्यापारी सांगेल ती कमीत कमी खरेदी झेपली पाहिजे. माझ्याकडे असा एकच आयटम निघाला, तो हाच एम १२ चा वॉशर. त्याला फीडर लावला. बाकीच्या चाळीस आयटमना अजून ट्रॉली, पॅरलल ब्लॉक आणि सेटरमामाच आहेत. तो टॉवेलवाला जॉबर परवा पुन्हा आला होता. यावेळी बसायला जागा नव्हती, चहा उभ्यानेच घेतला.